लंडनमध्ये परवडणारे भाड्याचे घर : इथूनच ठरवावे की पोहोचल्यावर शोधावे?

प्रश्न – नवीवाट

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी नोकरीनिमित्त लंडनला येत आहे. वार्षिक पगार ४२,००० पौंड असून कार्यालय फॅरिंग्डन स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जावे लागेल आणि उरलेले दोन दिवस घरून काम करता येईल. सुरुवातीचे चार-पाच महिने मी एकटीच असेन. त्यानंतर माझे यजमानही येतील.

गेले तीन आठवडे मी रोज संध्याकाळी राइटमूव्ह, झूप्ला आणि स्पेअररूम या संकेतस्थळांवर जाहिराती पाहत आहे आणि जितके पाहते तितका गोंधळ वाढतो आहे. काही भाडी आठवड्याची लिहिलेली असतात, काही महिन्याची. काहींमध्ये बिले धरलेली असतात, काहींमध्ये नसतात. एका खोलीचे भाडे एका भागात जेवढे दिसते तेवढ्यात दुसऱ्या भागात अख्खा स्टुडिओ (एकाच खोलीचे स्वतंत्र घर) मिळतो असे वाटते, आणि मग त्यात काहीतरी खोट असावी अशी शंका येते. कंपनी पहिले दहा दिवस हॉटेलचा खर्च देणार आहे, त्यापुढे माझी व्यवस्था मलाच पाहायची आहे.

मला नेमके हे जाणून घ्यायचे आहे. माझ्या पगारात भाड्यासाठी किती रक्कम ठेवणे शहाणपणाचे ठरेल? इथूनच घर ठरवून निघावे, की तिथे पोहोचून शोधावे? तिकडे ओळखीचे कोणी नसताना जामीनदार कुठून आणायचा? आणि फॅरिंग्डनला जाण्यासाठी कोणत्या भागांत शोधावे? ओळखीतले सगळे जण हाउन्स्लोचे नाव सुचवत आहेत. ज्यांनी हे सगळे स्वतः केले आहे त्यांचे अनुभव सविस्तर वाचायला मिळाले तर फार मदत होईल.

उत्तर १ – ओसरी

नवीवाट, आधी हिशेबाचे पाहू, कारण पैशांचा आकडा स्पष्ट झाला की निम्मा गोंधळ आपोआप कमी होतो.

४२,००० पौंड पगारातून आयकर, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी) आणि पेन्शनची नेहमीची कपात वजा जाता तुमच्या हातात महिन्याला साधारण २,७०० पौंड येतील. लंडनमधील खासगी घरांचे सरासरी मासिक भाडे २०२५ मध्येच २,२०० पौंडांच्या पुढे गेले होते, त्यामुळे एकट्याच्या पगारावर स्वतंत्र फ्लॅट घ्यायचा विचार सुरुवातीला सोडून द्या. इथले एजंट आणखी एक गणित करतात, ते जाहिरातीत सहसा लिहिलेले नसते. वार्षिक पगार मासिक भाड्याच्या निदान तीसपट असावा अशी त्यांची अपेक्षा असते. तुमच्या बाबतीत ही मर्यादा १,४०० पौंडांवर येते. त्याहून महागडे घर तुम्हाला कितीही आवडले तरी एजंट जामीनदार मागेल किंवा नकार देईल. माझे प्रामाणिक मत असे की पहिले काही महिने तुम्ही ९०० ते १,१०० पौंडांच्या दरम्यान, बिले धरून, चांगल्या घरातील एक खोली घ्यावी.

आठवड्याच्या भाड्याबद्दल एक सावधगिरी हवी. २५० पौंड आठवड्याला, म्हणजे महिन्याला हजार, असा हिशेब मनात पटकन होतो आणि तो चुकीचा असतो. वर्षात ५२ आठवडे असतात, तेव्हा २५० गुणिले ५२ भागिले १२ केल्यावर महिन्याचे भाडे १,०८३ पौंड येते. वर्षाकाठी पूर्ण हजार पौंडांचा फरक पडतो. प्रत्येक जाहिरात अशी महिन्यावर आणूनच तुलना करा.

भाड्याच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे लिहायची सवय लावा : काउन्सिल टॅक्स, वीज-गॅस-पाणी, आणि प्रवास. काउन्सिल टॅक्स हा स्थानिक नगरपालिकेचा कर असून तो बहुधा तिथे राहणाऱ्याला भरावा लागतो, घरमालकाला नव्हे. लंडनमध्ये ३२ बरो आणि सिटी ऑफ लंडन अशा स्वतंत्र पालिका आहेत आणि प्रत्येकीचा दर वेगळा आहे. वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टरचे दर कमी असल्याचे सगळ्यांना ठाऊक आहे, मात्र तिथली भाडी ती बचत खाऊन टाकतात. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर या करात २५ टक्के सवलत मिळते. अनेक जण स्वतंत्र करार करून राहतात अशा सामायिक घरांत हा कर सर्वसाधारणपणे मालकाकडे असतो, तरी करारात तसे लिहिले आहे का ते पाहावे.

आता भागांविषयी. हाउन्स्लो चांगलेच आहे, विशेषतः हीथ्रोकडे नोकरी असणाऱ्यांसाठी, परंतु ते पिकॅडिली लाइनवर असल्यामुळे तुम्हाला रोज मध्ये गाडी बदलावी लागेल. फॅरिंग्डनचे भाग्य असे की तिथे एलिझाबेथ लाइन, थेम्सलिंक, मेट्रोपॉलिटन, सर्कल आणि हॅमरस्मिथ अँड सिटी अशा पाच मार्गांच्या गाड्या थांबतात. म्हणून नकाशा उलटा वाचा. आधी भाग निवडून मग गाडी शोधण्याऐवजी या मार्गांवर बोट ठेवून बाहेरच्या दिशेला सरकत जा. पूर्वेकडे एलिझाबेथ लाइनवर फॉरेस्ट गेट, मॅनर पार्क, इलफर्ड आणि दुसऱ्या फाट्यावर वुलिच, ॲबी वुड लागतात. पश्चिमेकडे त्याच मार्गावर साउथॉल आहे. हॅमरस्मिथ अँड सिटी मार्गावर ईस्ट हॅम आणि बार्किंग, मेट्रोपॉलिटनवर वेम्ब्ली पार्क आणि हॅरो-ऑन-द-हिल. या सगळ्या ठिकाणांहून गाडी न बदलता फॅरिंग्डन गाठता येते. थेम्सलिंकवरचे ईस्ट क्रॉयडन झोन ५ मध्ये (प्रवासभाड्यासाठी शहराचे झोन पाडलेले आहेत, झोन १ म्हणजे मध्य) असूनही वेळेच्या दृष्टीने जवळ पडते, मात्र दक्षिणेकडच्या रेल्वेचे दर भुयारी रेल्वेपेक्षा वेगळे आणि बहुधा जास्त असतात, ते आधी तपासून घ्या.

तुम्हाला तीनच दिवस जायचे आहे, ही गोष्ट तुमच्या फार पथ्यावर पडणारी आहे. पाच दिवस जाणाऱ्याला झोन २ आणि झोन ४ मधील प्रवासखर्चाचा फरक जाणवतो. तीन दिवस जाणाऱ्याला तो भाड्यात वाचलेल्या रकमेपुढे किरकोळ वाटतो. उलट घरून काम करण्याच्या दोन दिवसांसाठी खोलीत टेबल मांडण्याएवढी जागा आणि बरा उजेड हवा, आणि बाहेरच्या झोनमध्ये तीच गोष्ट परवडते.

उत्तर २ – किनारा

ओसरी यांनी मांडलेल्या हिशेबात मी भर घालत नाही. मी फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे. निघण्याआधी घर ठरवू नका. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, किंवा तुमच्या विश्वासातल्या माणसाने त्या दारात उभे राहून पाहिल्याशिवाय, एक पौंडही पाठवू नका.

मी निघण्याच्या तीन आठवडे आधी मला झोन २ मधील एक स्टुडिओ अतिशय वाजवी भाड्यात मिळत होता. मालक सांगत होता की तो कामासाठी परदेशी असतो, त्यामुळे घर दाखवू शकत नाही, पण पैसे जमा झाले की किल्ली कुरिअरने येईल. त्याने पारपत्राची प्रत पाठवली, घराच्या कागदाची प्रत पाठवली, माझ्या नोकरीबद्दल आपुलकीने चौकशीही केली. मी अनामत आणि एका महिन्याचे भाडे पाठवून दिले. पोहोचल्यावर दोन बॅगा घेऊन त्या पत्त्यावर गेलो तेव्हा एका वयस्कर बाईंनी दार उघडले. त्या बाई तिथे कित्येक वर्षे राहत होत्या. माझे बोलणे पूर्ण होण्याआधीच त्यांच्या चेहऱ्यावर कणव आली, कारण त्याच महिन्यात तेच घर भाड्याने घेतलेला आणखी एक मुलगा त्यांच्या दारात येऊन गेला होता. त्यांनी मला आत बसवले, पाणी दिले आणि पोलिसांकडे तक्रार कुठे करायची ते लिहून दिले. पैसे परत मिळाले नाहीत.

नंतर मी ती छायाचित्रे पुन्हा उघडून पाहिली. स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या भिंतीत विजेचे जे प्लग दिसत होते त्यांची भोके गोल होती आणि दोनच होती. ब्रिटनमध्ये भिंतीवरच्या प्लगला तीन चौकोनी भोके असतात आणि बहुतेक ठिकाणी शेजारी छोटा स्विच असतो. म्हणजे ते स्वयंपाकघर त्या देशातलेच नव्हते. ही गोष्ट पहिल्याच दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होती, पण स्वस्त भाड्याच्या आनंदात माझे तिकडे लक्ष गेले नाही. त्या दिवसापासून मी कोणाचीही जाहिरात पाहून द्यायची असली की आधी भिंती, खिडक्या आणि प्लग पाहतो.

इंग्लंडमधील घराची नोंद कोणाच्या नावावर आहे हे लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून कोणालाही पाहता येते. मालकाचे नाव जुळले तरी तो माणूस तोच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवावे, पण नाव जुळलेच नाही तर तिथेच थांबावे.

दहा दिवसांचे हॉटेल संपल्यावर काय करायचे ही तुमची खरी चिंता असेल. त्यासाठी थोड्या मुक्कामाला खोली देणारी एखादी जागा आधीच शोधून ठेवा.  उन्हाळ्याच्या सुटीत विद्यापीठांची वसतिगृहेही बाहेरच्यांना खोल्या देतात, पण सप्टेंबर उजाडला की विद्यार्थी परततात आणि ती वाट बंद होत जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भाड्याच्या खोल्यांसाठी सर्वांत जास्त झुंबड असते, म्हणून दहा दिवसांत घर मिळेलच असे गृहीत न धरता आणखी दोन आठवड्यांच्या मुक्कामाचे पैसे बाजूला ठेवा. ते वाया गेलेले पैसे नाहीत. घाईत धरलेली वाईट खोली त्याहून महाग पडते.

उत्तर ३ – पिंपळपान

किनारा यांच्या सल्ल्याला माझे अनुमोदन आहे, फक्त एक अपवाद नोंदवते. विद्यापीठाचे किंवा विद्यार्थ्यांसाठी बांधलेले अधिकृत वसतिगृह असेल तर ते निघण्याआधी ठरवण्यात धोका नाही, उलट उशीर केल्यास ते हातचे जाते. नवीवाट नोकरीसाठी येत आहेत म्हणून त्यांना हे लागू नाही, पण हा धागा वाचणारे विद्यार्थीही असतील.

आता जामीनदार आणि कायदा यांविषयी, कारण यात नुकताच मोठा बदल झाला आहे आणि जुने सल्ले अजून सगळीकडे फिरत आहेत. परदेशातून येणाऱ्याला जामीनदार मिळत नसे, तेव्हा सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरून तो प्रश्न सोडवला जात असे. मीही तसेच केले होते. रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५ या कायद्याच्या तरतुदी १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये लागू झाल्या असून त्यानुसार भाडेकरार सुरू होण्याआधी घरमालकाला एक महिन्यापेक्षा जास्त भाडे आगाऊ मागता किंवा स्वीकारता येत नाही. भाडेकरूच्या खिशाच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. पण ज्याच्याकडे इथला जामीनदार नाही आणि इथल्या बँकेचा इतिहासही नाही, अशा नवागतासाठी जुनी पळवाट बंद झाली, हेही मान्य केले पाहिजे. आता एजंट जामीनदाराचा आग्रह पूर्वीपेक्षा जास्त धरतात.

यातून तीन वाटा आहेत. कंपनीला विचारा की ती तुमच्यासाठी जामीन राहील का, किंवा निदान पगार आणि नोकरीचे स्वरूप सांगणारे सविस्तर पत्र देईल का. विचारल्याशिवाय कंपन्या हे आपणहून सांगत नाहीत. दुसरी वाट म्हणजे शुल्क घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या. त्यांचे शुल्क परत मिळत नाही, पण नड असेल तर तो मार्ग आहे. तिसरी वाट तुमच्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते, ती म्हणजे आधीच भाडेकरू राहत असलेल्या घरात एक खोली घेणे. तिथे बऱ्याचदा एजंटाऐवजी थेट मालक किंवा जुने भाडेकरू भेटतात आणि नोकरीचे पत्र व पगाराचा करार पाहून त्यांचे समाधान होते.

त्याच कायद्याने तुम्हाला एक मोठी सोय करून दिली आहे. ठरावीक मुदतीचे करार आता राहिलेले नाहीत. भाडेकरूला दोन महिन्यांची लेखी सूचना देऊन घर सोडता येते. म्हणजे सप्टेंबरमध्ये घेतलेल्या एका खोलीत तुम्ही वर्षभर अडकून पडणार नाही. यजमानांचे येणे निश्चित झाले की सूचना द्या आणि दोघांनी मिळून, दोन जोड डोळ्यांनी पाहून, स्वतंत्र घर घ्या. मात्र सही करण्याआधी करार फक्त तुमच्या खोलीचा आहे की साऱ्या घराचा मिळून एकच आहे, हे अवश्य विचारा. एकत्रित करारात एकाने भाडे थकवले तर मालक ते इतरांकडून मागू शकतो, आणि एकाने सूचना दिली तर सगळ्यांचाच करार संपतो. आपल्या खोलीपुरता वेगळा करार केव्हाही बरा.

जाहिरातीत लिहिलेल्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम मागणे किंवा स्वीकारणे हेही आता बेकायदा आहे. “दुसरे एक जोडपे पन्नास पौंड जास्त द्यायला तयार आहे,” असे कोणी म्हटले तर दडपण घेऊ नका.

अनामत रकमेचे नियम त्याआधीपासूनचे, २०१९ च्या टेनंट फीज ॲक्टमधले आहेत. वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घर राखून ठेवण्यासाठी घेतलेली रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. नोंदणी शुल्क, कागदपत्र शुल्क, पडताळणी शुल्क अशी कोणतीही आकारणी भाडेकरूकडून करता येत नाही. ओसरी यांनी उदाहरणात घेतलेल्या २५० पौंड आठवड्याच्या खोलीसाठी राखून ठेवण्याचे २५०, अनामत १,२५० आणि पहिल्या महिन्याचे १,०८३ असा हिशेब होतो आणि राखून ठेवण्याची रक्कम पुढच्या पैशांतून सहसा वळती होते. म्हणजे हातात २,३३३ पौंड तयार ठेवून घर पाहायला निघावे.

मालकाने ती अनामत ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करायची असते आणि कोणत्या योजनेत केली हे तुम्हाला लेखी कळवायचे असते. अशा तीनच योजना आहेत. तसे न करणाऱ्या मालकाविरुद्ध न्यायालय अनामतीच्या एकपट ते तिप्पट दंड भाडेकरूला देववू शकते. मी तिसाव्या दिवशी विचारणा केली तेव्हा माझ्या मालकाने दुसऱ्याच दिवशी रक्कम जमा केली. विचारले नसते तर राहूनच गेले असते असे मला वाटते.

उत्तर ४ – उंबरठा

मालक स्वतः राहत असलेल्या घरातील खोलीबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. इथे अशा भाडेकरूला लॉजर म्हणतात. मी पहिले चौदा महिने वुलिचजवळ एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी लॉजर म्हणून राहिलो. माझ्याकडे जामीनदार मागितला गेला नाही. पहिल्या भेटीत तासभर गप्पा झाल्या, नोकरीचे पत्र दाखवले, आणि वीज, गॅस, पाणी, इंटरनेट सगळे धरून एक ठरलेली रक्कम ठरली. आपल्या राहत्या घरातील खोली देणाऱ्याला वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर आयकर माफ असल्यामुळे अनेक जण अशी एखादी खोली देतात आणि भाडेही वाजवी ठेवतात.

याची दुसरी बाजूही माहीत असायला हवी. पिंपळपान यांनी सांगितलेले बहुतेक संरक्षण लॉजरला मिळत नाही. अनामत योजनेत ठेवण्याचे बंधन मालकावर नसते आणि वाजवी मुदत देऊन मालक खोली सोडायला सांगू शकतो. म्हणून अनामत कमीत कमी द्यावी, पावती घ्यावी आणि पाहुणे, स्वयंपाकाची वेळ, घरून काम करणे या गोष्टी आधीच स्पष्ट बोलून घ्याव्यात. मी स्वयंपाकाबद्दल संकोचाने विचारलेच नव्हते. पहिल्या आठवड्यात फोडणीच्या धुराने अलार्म वाजला, बाई धावत खाली आल्या आणि मला फार अपराधी वाटले. त्यांनी शांतपणे दार लावून पंखा सुरू कसा करायचा ते दाखवले. आधी बोललो असतो तर ती वेळ आली नसती.

खोली पाहायला जाल तेव्हा एक काम नक्की करा. कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढून मागची भिंत पाहा आणि खिडकीच्या चौकटीचे खालचे कोपरे पाहा. काळे ठिपके किंवा ताज्या रंगाचा एकटाच चौकोन दिसला तर तिथे ओल आहे. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, कपडे घरातच वाळत घातले जातात आणि ती ओल महिन्याभरात कपड्यांपर्यंत पोहोचते. हीटर चालू करून दाखवायला सांगा, नळ सोडून गरम पाणी किती वेळात येते ते पाहा. घराचे ऊर्जा प्रमाणपत्र सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून विनाशुल्क पाहता येते. त्यावर ए ते जी अशी प्रत दिलेली असते. डी आणि ई यांमधला फरक जानेवारीच्या गॅसबिलात दिसतो, तेव्हा बिले भाड्यात धरलेली नसतील तर ही प्रत जरूर पाहा.

नवीवाट

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. नकाशा उलटा वाचण्याचे सुचवल्यावर मी काल रात्री फॅरिंग्डनपासून बाहेर सरकत गेले आणि पहिल्यांदाच शोधाला दिशा आली. आता फॉरेस्ट गेट, मॅनर पार्क, ईस्ट हॅम आणि वुलिच एवढेच चार भाग ठेवले आहेत. कंपनीला जामिनाबद्दल पत्र पाठवले आहे. इथून पैसे पाठवण्याचा विचार पूर्णपणे सोडला आहे. खरे सांगायचे तर एका स्टुडिओसाठी मी उद्याच रक्कम पाठवणार होते आणि त्याचेही मालक परदेशीच आहेत. किनारा, तुम्ही तुमचा अनुभव लिहिलात म्हणून मी थांबले.

दोन शंका उरल्या आहेत. यजमान आल्यावर, नवे घर मिळेपर्यंत महिनाभर ते माझ्याच खोलीत राहिले तर चालते का? आणि भाड्याने राहण्याचा अधिकार सिद्ध करावा लागतो असे वाचले, त्यासाठी काय तयार ठेवू?

उत्तर ५ – पिंपळपान

पहिल्या प्रश्नाचे उत्तर खोलीच्या मापावर आणि करारावर अवलंबून आहे. पाच किंवा अधिक माणसे एकापेक्षा जास्त कुटुंबांतून येऊन एका घरात स्वयंपाकघर वा न्हाणीघर वाटून घेत असतील तर त्या घराला पालिकेचा परवाना लागतो. अशा परवान्याच्या घरात एका प्रौढाने झोपण्याची खोली निदान ६.५१ चौरस मीटर आणि दोघांची १०.२२ चौरस मीटर असावी लागते. कित्येक बरोंमध्ये त्याहून लहान सामायिक घरांनाही परवाना लागतो आणि परवानाधारक घरांची यादी पालिकेकडे पाहता येते. तेव्हा खोली पाहतानाच माप विचारा आणि जानेवारीत यजमान काही आठवडे राहतील हे मालकाला आधीच सांगून त्याची संमती ईमेलवर घ्या. न सांगता दुसरी व्यक्ती राहायला आणली तर करारभंग होतो, आणि घरातले इतर भाडेकरूही दुखावतात, कारण सकाळी सातला न्हाणीघराबाहेरची रांग त्यांचीही असते.

दुसरे, इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक घरमालकाला अठरा वर्षांवरील प्रत्येक राहणाऱ्याचा भाड्याने राहण्याचा अधिकार तपासावा लागतो. आता व्हिसा डिजिटल असल्यामुळे तुम्ही आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्यातून एक शेअर कोड तयार करायचा आणि जन्मतारखेसह तो मालकाला द्यायचा. घराच्या कामासाठीचा कोड आर या अक्षराने सुरू होतो. नोकरीसाठीचा कोड वेगळा असतो, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ करू नका. कोड ९० दिवस चालतो. निघण्याआधी खात्यात लॉग-इन करून पाहा आणि तुमचे पारपत्र त्याला बरोबर जोडलेले आहे याची खात्री करा. लॉग-इनचा सुरक्षा कोड खात्यात नोंदवलेल्या तुमच्या जुन्या फोन क्रमांकावर जात राहिला आणि तो बंद असला तर पहिल्याच आठवड्यात अडचण होते. तो जुना क्रमांक काही महिने चालू ठेवा.

उत्तर ६ – ओसरी

आणखी एक सुचवतो. डॉलिस हिल येथे १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे घरे मिळतात असे नाही, पण कार्यक्रमाला गेलात तर वर्षानुवर्षे इथे राहिलेली माणसे भेटतात आणि एखाद्या रस्त्याबद्दल, एखाद्या भागाबद्दल मोकळेपणाने सांगतात. घर पाहायला एकटीने जायचे नसेल तर कोणीतरी सोबतही येते. खोली नक्की करण्याआधी त्या रस्त्यावर एकदा रात्री नऊच्या सुमारास स्थानकापासून घरापर्यंत चालून पाहा. दिवसा दहा मिनिटांचा वाटणारा रस्ता रात्री कसा वाटतो, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

किल्ली हातात आल्यावर बॅगा उघडण्याआधी फोन काढा. प्रत्येक भिंत, गादीच्या दोन्ही बाजू, शेगडी, ओव्हनचा आतला भाग, गालिच्यावरचे डाग आणि वीज-गॅसच्या मीटरचे आकडे यांची छायाचित्रे घेऊन त्याच संध्याकाळी मालकाला ईमेल करा. मी तीन घरे बदलली. पहिल्या घराच्या वेळी हे केले नव्हते आणि आधीपासूनच जळलेल्या ओट्याचे पैसे माझ्या अनामतीतून कापले गेले. दुसऱ्या घरात खिडकीच्या तुटलेल्या कडीवरून वाद झाला तेव्हा अनामत योजनेच्या विनाशुल्क लवादाकडे मी पहिल्या दिवशीचा ईमेल पाठवला आणि पूर्ण रक्कम परत मिळाली. तुम्ही पोहोचल्यावर पाहिलेल्या खोल्यांबद्दल इथे लिहा. फॉरेस्ट गेटमध्ये मी सहा वर्षे राहिलो आहे, रस्त्याचे नाव सांगितलेत तर तिथली माहिती देईन.